एका पत्त्यासाठी अख्खं रीळ

1968 सालचा हिवाळा, अमेरिकेतलं हार्टफर्ड. विम्याचंच गाव म्हणायचं. बाहेर बर्फ पडतंय आणि आत मशीनरूममध्येही तुम्ही कुडकुडताय, कारण एसी माणसांसाठी नाही, आयबीएम 360 साठी आहे. रात्रपाळी तुमची. कुणा विमेदारानं घर बदललंय, पॉलिसी 40417. पत्ता बदलायचा, बस्स.

पण तेवढीच नोंद खोडून जागच्या जागी नवी लिहायची सोय टेपवर नाही. शेजारची नोंद चिरडली जाईल. म्हणून 2400 फुटांचं सगळं रीळ नव्या रिळावर उतरवायचं.

जुनं मास्टर, म्हणजे पॉलिसींच्या नोंदींचं मूळ रीळ, हातात घेऊन तुम्ही मागच्या खाचेत बोट फिरवता. प्लास्टिकची कडी नाही, ठीक. कडी असेल तरच ड्राइव्ह लिहितो. कोऱ्या रिळात मात्र ती नीट दाबून बसवता. तिसऱ्या ड्राइव्हवर दिवसभरातले बदल, पंचकार्डांवरून उतरवून पॉलिसी क्रमांकानं लावलेले. क्रम चुकला तर मेलात; टेप मागे वळून शोधत बसत नाही.

रिळं झटके देत फिरू लागतात, काचेआड टेपचे झोळ खालीवर होतात. 40415, बदल नाही, जशीच्या तशी उतरली. 40416, तीही. 40417 जुळला! नवा पत्ता घेऊन नोंद पुढे. मास्टरमध्ये नसलेला क्रमांक आला तर एकतर पॉलिसी नवी, नाहीतर पंचिंगवालीची चूक. दुसऱ्या प्रकारचे प्रिंटरवर खडखडत चुकांच्या यादीत. बदल आधी संपले, तर त्यांच्या क्रमांकाच्या जागी प्रोग्राम शक्य तेवढी मोठी किंमत ठेवतो, म्हणजे उरलेलं मास्टर आपोआप वाहत जातं. ही युक्ती मला अजूनही भारी वाटते.

जागेचा हिशेबही बघा. एका कार्डाची 80 अक्षरं इंचाला 800 च्या हिशेबानं दशांश इंचात मावतात, आणि दोन ब्लॉकमधली मोकळी जागा सहा दशांश! सुट्या नोंदी लिहिल्या तर बहुतेक टेप कोरीच. म्हणून त्या गठ्ठ्यानं बांधायच्या.

काम संपतं. नव्या रिळाची कडी तुम्ही उपसता, लेबल लावता. हा मुलगा. आत्ताचं मास्टर झालं वडील, त्याआधीचं आजोबा. दोघंही बदलांच्या टेपांसकट कपाटात. मुलगा खराब निघाला तर वडिलांवरून पुन्हा घडवता येईल.

पणजोबांचं रीळ मात्र तुम्ही बाहेर काढता. उद्या कडी त्यातच बसवायची आहे.