डंजन्स अँड ड्रॅगन्समधील वंशांची पुनर्रचना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या अमेरिकन टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळात खेळाडू आपल्या पात्रासाठी एल्फ, ड्वार्फ, ऑर्क यांसारख्या काल्पनिक लोकसमूहांपैकी एकाची निवड करतो. खेळाच्या १९७४ मधील पहिल्या आवृत्तीपासून या समूहांना 'वंश' म्हटले जात असे. २०२४ च्या नियमपुस्तकात त्याऐवजी 'प्रजाती' हा शब्द आला. या नामांतराबरोबर, आणि बऱ्याच अंशी त्याच्या आधीच, समूहांचे नियम व त्यांच्या पूर्वकथाही बदलण्यात आल्या. जन्माने मिळणारे, संस्कारांनी घडणारे आणि व्यक्तीने स्वतः निवडलेले गुण एकमेकांपासून वेगळे करणे, हे या पुनर्रचनेचे मुख्य सूत्र आहे.

== पार्श्वभूमी ==

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेल्या मूळ खेळात मनुष्य, एल्फ, ड्वार्फ आणि हॉबिट हे पर्याय होते. टोल्किन यांच्या साहित्याचे व्यापारी हक्क असलेल्या कंपनीने हरकत घेतल्यावर हॉबिटचे 'हाफलिंग' झाले. टोल्किन यांचा प्रभाव मात्र नावापुरता नव्हता. दुष्ट सेनेचा भाग म्हणूनच जन्मणारे ऑर्क खेळात आले ते त्यांच्याच कादंबऱ्यांतून. टोल्किन यांनी १९५८ च्या एका पत्रात ऑर्कांच्या रूपाचे वर्णन करताना मंगोल चेहरेपट्टीचा आधार घेतला होता. पुढील काळातील टीकाकारांनी या पत्राचा वारंवार उल्लेख केला आहे.

१९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये अर्ध-ऑर्क हा खेळण्यायोग्य वंश झाला. त्याला बळ व काटकपणा यांत प्रत्येकी १ गुण अधिक मिळे आणि प्रभावात २ गुण कमी होत. मानवेतर पात्रांच्या प्रगतीला त्या काळी कमाल मर्यादाही असे. हाफलिंग योद्धा सहाव्या पातळीच्या पुढे जाऊ शकत नसे. चोर म्हणून मात्र त्याला कोणतीही मर्यादा नव्हती. खेळाचे जग मनुष्यप्रधान राहावे, असे गायगॅक्स यांचे समर्थन होते. या मर्यादा २००० मधील तिसऱ्या आवृत्तीत गेल्या, परंतु त्याच आवृत्तीत अर्ध-ऑर्काला बळाच्या २ गुणांसाठी बुद्धी आणि प्रभाव या दोहोंतील प्रत्येकी २ गुण गमवावे लागत.

== नियम आणि पूर्वकथा यांचा संबंध ==

पूर्वकथा खेळाडूला नापसंत असेल तर त्याला ती बाजूला ठेवता येते. आकडे मात्र प्रत्येक डावात हजर असतात. तिसऱ्या आवृत्तीपासून गुणांकातील दर २ गुणांमागे वीस बाजूंच्या फाशावरील निकालात १ ची भर पडते किंवा घट होते. त्यामुळे अर्ध-ऑर्क जादूगार निवडणारा खेळाडू इतरांच्या एक पाऊल मागे राहून सुरुवात करी, आणि बहुतेक जण तशी निवड टाळत. परिणामी ऑर्क मंदबुद्धी असतात हे विधान पुस्तकात एकदाच छापलेले असले तरी खेळाच्या मेजावर ते पुन्हा पुन्हा खरे होत राहिले.

दुसरा प्रश्न नैतिक होता. १९७९ च्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या लोकप्रिय साहसकथेत ऑर्कांच्या गुहांमध्ये स्त्रिया व मुलेही आहेत. त्यांचे काय करायचे, हा वाद त्यानंतर असंख्य मेजांवर झाला. ऑर्क जन्मतःच दुष्ट मानले तर उत्तर सोपे होते, परंतु भयंकर होते. तसे न मानल्यास गुहेवर हल्ला करण्याचे कारण नव्याने शोधावे लागे.

ड्राऊ या भूगर्भवासी एल्फांच्या बाबतीत रंगाचा प्रश्न होता. १९७८ च्या साहसकथांत ते कृष्णवर्णी आणि क्रूर असे समोर आले, आणि त्यांची काळी त्वचा दुष्टपणाची खूण ठरली. आर. ए. साल्व्हाटोरे यांच्या 'द क्रिस्टल शार्ड' (१९८८) या कादंबरीतील ड्रिझ्ट हा सद्गुणी ड्राऊ अफाट लोकप्रिय झाला, पण तो अपवाद म्हणून. आपला समाज सोडला म्हणूनच तो चांगला, अशी त्याची मांडणी असल्याने मूळ समजूत उलट पक्कीच झाली. याउलट कीथ बेकर यांच्या 'एबेरॉन' (२००४) या विश्वात ऑर्कांना राक्षसी आक्रमणापासून जगाचे रक्षण करणाऱ्या प्राचीन परंपरेचे वारस दाखवले होते. म्हणजे पर्याय उपलब्ध होता. मुख्य पुस्तकांनी तो उचलला नव्हता.

== २०२० नंतरचे बदल ==

पाचव्या आवृत्तीच्या काळात, २०१६ मध्ये आलेल्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स'ने खेळण्यायोग्य ऑर्काच्या बुद्धीतून पुन्हा २ गुण वजा केले. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध उठलेल्या आंदोलनाच्या काळात, जून २०२० मध्ये, प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्टने निवेदन काढले. ऑर्क आणि ड्राऊ यांना इतर लोकांइतकेच नैतिक व सांस्कृतिक वैविध्य दिले जाईल, असे त्यात म्हटले होते. 'कर्स ऑफ स्ट्राड'मधील व्हिस्तानी या भटक्या समाजाचे चित्रण रोमा लोकांविषयीच्या पूर्वग्रहांवर बेतलेले होते. त्यातही सुधारणा झाली. नोव्हेंबर २०२० मधील 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'ने वंशामुळे मिळणारे वाढीव गुण हव्या त्या क्षमतेला देण्याची मुभा दिली.

ही काळजी नव्या लेखनात मात्र टिकली नाही. ऑगस्ट २०२२ मधील 'स्पेलजॅमर'मध्ये हाडोझी या वानरसदृश लोकांची नवी पूर्वकथा होती. एक जादूगार त्यांना पकडून आणतो, औषध पाजून बुद्धिमान आणि इजा सोसणारे बनवतो व त्यांची फौज विकण्याचा बेत करतो. त्याचेच शिष्य दया येऊन त्यांना सोडवतात. कृष्णवर्णीयांना वेदना कमी जाणवतात या जुन्या वर्णद्वेषी समजुतीशी, तसेच गुलामगिरीच्या इतिहासाशी असलेले साम्य वाचकांनी लगेच दाखवून दिले. एका चित्रात कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या अमेरिकन मिन्स्ट्रेल खेळांची छाप असल्याचाही आक्षेप होता. सप्टेंबरमध्ये प्रकाशकाने माफी मागून तो मजकूर काढून टाकला.

डिसेंबर २०२२ मध्ये 'वंश' हा शब्द सोडण्याची घोषणा झाली. २०२४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये दहा प्रजाती असून ऑर्क त्यांपैकी एक आहे. वाढीव गुण आता पात्राच्या पूर्वायुष्यातून, म्हणजे सैनिक, विद्वान यांसारख्या पार्श्वभूमीतून, मिळतात. २०२५ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये शत्रू म्हणून ऑर्कांची स्वतंत्र नोंद नाही.

== टीका ==

सर्व समूह एकसारखे आणि बेचव झाले, अशी तक्रार जुन्या खेळाडूंकडून होते. ती सर्वस्वी निराधार नाही: एखाद्या समूहाची दुष्ट पूर्वकथा काढून त्या जागी काहीच न लिहिले तर तो समूह केवळ अंधारात पाहण्याची क्षमता आणि दोन-तीन सवलती एवढाच उरतो. पार्श्वभूमीला गुण जोडण्यावरही आक्षेप आहे. सैनिकाला केवळ बळ, चपळता व काटकपणा यांतच वाढ मिळत असल्याने जुनी गाठ सुटली नाही, फक्त दुसरीकडे बसली.

अधिक बोचरा वाद अर्ध-एल्फ व अर्ध-ऑर्क यांच्याविषयी आहे. 'अर्ध' ही कल्पनाच आक्षेपार्ह असल्याची रचनाकारांची भूमिका होती, आणि अर्ध-ऑर्कांच्या जन्मकथांत अत्याचाराची सूचना पूर्वापार होती. २०२४ च्या पुस्तकात हे दोन्ही पर्याय नाहीत, मात्र जुने नियम वापरण्यास हरकत नाही. मिश्र कुटुंबांतील काही खेळाडूंना हाच बदल खटकला. दोन समाजांच्या मध्ये वाढलेल्या ज्या पात्रांत ते स्वतःला पाहत होते, तीच नाहीशी झाली.

'प्रजाती' हा शब्दही सर्वांना पटलेला नाही, कारण तो भेद जैविक असल्याचे अधिकच ठासून सांगतो. मराठीत 'जात' किंवा 'जाती' वापरल्यास त्याला आणखी वेगळाच सामाजिक अर्थ चिकटतो.

== इतर खेळांत ==

पायझो कंपनीच्या 'पाथफाइंडर'ने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतच पूर्वजपरंपरा या अर्थाची संज्ञा स्वीकारली आणि पूर्वी केवळ शत्रू असलेल्या गॉब्लिनांना मुख्य पुस्तकात खेळाडूंसाठी खुले केले. २०२३ च्या सुधारित आवृत्तीत तिने मिश्र पात्रे कायम ठेवली. अर्ध-एल्फाला 'आयुव्हारिन' आणि अर्ध-ऑर्काला 'ड्रोमार' अशी स्वतंत्र नावे मिळाली असून, दुसरा पालक मनुष्यच असावा ही अटही उरलेली नाही.