पिशवीबाहेरचा आजार

पाळीच्या दिवसांत पोट धरून बसणाऱ्या मुलीला घरातल्या वडीलधाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एकच सांगत आल्या: लग्न झालं, पहिलं मूल झालं की थांबेल. मुलं होऊनही दुखणं थांबलं नाही, तर पुढे दुसरा सल्ला आला, पिशवी काढून टाक. दिंडोरीच्या द्राक्षबागेत असो की बीडच्या ऊसतोडीच्या टोळीत, तिचं दुखणं नक्की कशाचं, हा प्रश्न या दोन सल्ल्यांच्या मधल्या काळात क्वचितच कुणी विचारला.

तो विचारला गेला गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. पूर्वी कधी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम ८ टक्के.

पाळीतल्या अशा दुखण्यामागचा एक आजार, एंडोमेट्रिओसिस, तर हाताच्या तपासणीलाही बहुधा चकवतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यालगत रुजते, पाळीगणिक सुजते, व्रण धरते. अमेरिकेतल्या अल्बनीच्या जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये कारण सुचवलं: पाळीचं काही रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण १९८४ च्या एका अभ्यासात दिसलं, की नलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांत असं रक्त उलटं जातं. आजार मात्र साधारण दहातल्या एकीलाच होतो. मग बाकीच्या का सुटतात?

या कोड्याने संशोधकांना पेशींच्या आपसातल्या निरोपांकडे, म्हणजे संदेशवाहक प्रथिनांकडे वळवलं. दिंडोरीच्या बागायतदाराला निरोपाची ताकद नवी नाही. छाटणीनंतर घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात बुडवतात ते मण्याला वाढीचा निरोप देण्यासाठीच. वेल तीच, पण मात्रा आणि वेळ बदलली की मणी वेगळा. जीए हे प्रथिन नव्हे, वनस्पतीचं संप्रेरक आहे, पण काम त्याच जातीचं. पोटात भलत्या जागी रुजलेल्या पेशींभोवती व्हीईजीएफ हे प्रथिन नव्या रक्तवाहिन्या बोलावतं. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ दाह धगधगता ठेवतात. टीजीएफ-बीटा व्रणाचे घट्ट धागे विणायला लावतं, आणि अवयव एकमेकांना चिकटतात. एनजीएफमुळे त्या ऊतीत मज्जातंतू वाढतात. रीता लेव्ही-मोन्टालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं त्यात याच एनजीएफच्या शोधाचा वाटा होता. ‘बाईच्या जातीला दुखायचंच’ म्हणून सोडून दिलेल्या कळांमागे खरोखरीच नव्याने उगवलेल्या नसा असतात, हे ऊतीतल्या या मज्जातंतूंवरून उमगलं. शिवाय ही ऊती स्वतःचं इस्ट्रोजेनही बनवते आणि स्वतःला पोसते.

म्हणूनच ‘पिशवी काढ’ हा सल्ला इतका अपुरा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातलं चित्र आलं: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. त्यांतल्या साऱ्यांना हाच आजार होता असं अजिबात नव्हे. कामाचे खाडे, उचल, भीती, खासगी दवाखान्यांचे सल्ले अशी कारणं गुंतलेली होती. पण ज्यांचा आजार पिशवीबाहेर होता, त्यांचा तो शस्त्रक्रियेनंतरही पोटातच राहू शकतो, कारण निरोप देणारी ऊती काढलेलीच नसते.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत भारतीय स्त्रियांतल्या या आजाराचा नैदानिक आणि जनुकीय अभ्यास हाती घेतला गेला आहे. रक्तातल्या प्रथिनांवरून खात्रीचं निदान करणारी चाचणी अजून रोजच्या वापरात नाही. मात्र २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी पोटात दुर्बीण घालण्याची सक्ती सोडली. लक्षणं ऐकून, सोनोग्राफी करून, संप्रेरकांच्या गोळ्या सुरू करता येतात. त्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरने विचारायचं ते एवढंच: पाळीत शौचाला दुखतं का, संबंधांच्या वेळी दुखतं का, शाळा किंवा बागेतली मजुरी दर महिन्याला बुडते का?