किल्लारीच्या भिंती, लिस्बनचा पिंजरा आणि काश्मीरची गोधडी

१/ ३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि काही सेकंदांत किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत दगडमातीचे ढीग उरले. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली.

२/ या भूकंपाचे परिमाण होते ६.२. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील कॅलिफोर्नियात नॉर्थरिज येथे ६.७ परिमाणाचा भूकंप झाला. तोही पहाटेच, लोक झोपेत असताना. ऊर्जेच्या हिशेबात तो किल्लारीच्या पाचपटींहून मोठा होता आणि वस्ती दाट शहरी होती. तेथील मृतांचा आकडा ६० च्या आसपास राहिला.

३/ हा फरक मुख्यतः घरांचा होता. नॉर्थरिजची बहुतेक घरे हलक्या लाकडी सांगाड्याची, तर किल्लारीची दगडमातीची. त्यावरून ‘लाकूड तारते, दगड मारतो’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु जगातील इतर घरांचा इतिहास पाहिला की तो टिकत नाही.

४/ आधी किल्लारीचे घर कसे होते ते पाहणे आवश्यक आहे. मराठवाड्याच्या त्या भागात काळा बेसाल्ट पायाखालीच मिळतो, इमारती लाकूड मात्र दुर्मीळ आणि महाग. म्हणून भिंती दगडाच्या, दोन फूट किंवा त्याहूनही बऱ्याच जाड. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते आणि जाड भिंतीला चोर सहजासहजी भोक पाडू शकत नाही.

५/ त्या समाजाने ज्या संकटांचा अनुभव घेतला होता, त्यांना दिलेले हे पूर्ण विचारांती उत्तर होते. भूकंप हे त्या अनुभवातले संकट नव्हते. सरकारी नकाशातही हा प्रदेश देशातील सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंप क्षेत्रात होता. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीला सौम्य धक्के बसले, लोक धास्तावले. पण घरे तीच राहिली.

६/ या घराचे दोन दोष डोळ्यांना दिसत नव्हते. पहिला माळवदात. पावसात गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी माती टाकली जाई, त्यामुळे थर पिढ्यानपिढ्या वाढत गेला. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दीड फूट माती असेल, तर डोक्यावर सुमारे सहा-सात टन वजन होते.

७/ दुसरा दोष भिंतीच्या पोटात. बाहेरून अखंड दिसणारी ती जाड भिंत प्रत्यक्षात दोन पातळ भिंती होत्या. आतल्या अंगाला एक दगडी थर, बाहेरच्या अंगाला दुसरा आणि मधे दगडांचे तुकडे व माती. दोन्ही थरांना धरून ठेवील असा, भिंतीच्या आरपार पोचणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि कोसळले.

८/ सर्वांत चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. किल्लारीच्या पुष्कळ घरांत लाकडी सांगाडाही होता. खांब आणि तुळयांचे खण असत आणि माळवदाचा भार त्यांवर असे. भूकंपानंतर अनेक ठिकाणी हे खण उभेच होते आणि भोवतालच्या भिंती पडल्या होत्या. म्हणजे लाकूड होते, दगडही होता. पण लाकूड एका ओळीत उभे आणि दगड दुसऱ्या ओळीत. दोघांची गाठ कोणी बांधलेली नव्हती.

९/ ही गाठ बांधण्याची कला जगात जुनी आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने, त्सुनामीने आणि आगीने उद्ध्वस्त झाली. पुनर्बांधणीची सूत्रे पंतप्रधानपदी असलेल्या, पुढे मार्किस ऑफ पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या सेबास्तियाँव जुझे द कार्व्हाल्यो यांनी हाती घेतली. मानुएल दा माया, एउजेनियो दुस सांतुस आणि कार्लुस मार्देल हे लष्करी अभियंते त्यांच्यासोबत होते.

१०/ त्यांनी दगड सोडला नाही. त्यांनी घराच्या आत लाकडाचा पिंजरा उभा केला. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘गायोला’ म्हणजे पिंजराच म्हणतात. उभे, आडवे आणि फुलीसारखे तिरपे वासे एकमेकांत अडकवून त्यांच्या चौकटींत दगड-चुन्याची भर घातली जाई. दगडी दर्शनी भिंतीही या पिंजऱ्याला बांधलेल्या असत. नमुन्याच्या घराभोवती सैनिकांना पावले आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली गेली, असे सांगितले जाते.

११/ त्या तिरप्या फुलीत सगळे मर्म आहे. चार वाशांचा चौकोन ढकलला तर तिरका होतो, त्रिकोण होत नाही. फुलीमुळे चौकोनाचे त्रिकोण होतात. किल्लारीच्या खणात खांब होता, तुळई होती, पण हा तिरपा वासा नव्हता आणि तो खण भिंतीत गुंफलेलाही नव्हता.

१२/ काश्मीरने हेच उत्तर राजाज्ञेशिवाय शोधले. तेथील ‘धज्जी देवारी’ या भिंतीचे नाव ठिगळांच्या गोधडीवरून पडले आहे. बारीक लाकडी चौकटींत दगड किंवा विटांचे लहान लहान तुकडे मातीने बसवलेले असतात. एक तुकडा निखळला तरी शेजारची चौकट त्याला थोपवते आणि तडा भिंतभर पळत नाही. ‘ताक’ या दुसऱ्या पद्धतीत जाड भिंतीत ठरावीक उंचीवर आडवी लाकडे घालून ती आतबाहेर शिडीसारखी जोडली जातात. किल्लारीच्या भिंतीत नसलेला आरपार दगड येथे लाकडाच्या रूपाने आहे.

१३/ १८८५ च्या भूकंपात काश्मीर खोरे हादरले. श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील ब्रिटिश डॉक्टर आर्थर नेव्ह यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थर्टी इयर्स इन काश्मीर’ या पुस्तकात तेथील लाकूड घातलेल्या भिंतींच्या लवचीकपणाची नोंद घेतली आहे. ठणठणीत उभे राहण्यापेक्षा थोडे झुलणे हितकर, हे त्या भिंतींना ठाऊक होते.

१४/ मग ‘लाकूड तारते’ हेच खरे ठरले का? जपान तसे म्हणू देत नाही. २८ ऑक्टोबर १८९१ च्या नोबी भूकंपात पाश्चात्त्य धाटणीच्या नव्या विटांच्या इमारती कोसळल्या, तशीच जड छपरांची असंख्य लाकडी घरेही. ७,००० हून अधिक लोक दगावले. नॉर्थरिजमध्येही १६ मृत्यू एकाच लाकडी सदनिका-इमारतीत झाले. तिच्या तळमजल्यावर गाड्यांसाठी मोकळी जागा सोडलेली होती आणि तोच मजला चिरडला गेला. लाकूड असो वा दगड, प्रश्न बांधणीचाच आहे.

१५/ आणि ही बांधणी विसरलीही जाते. लिस्बनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उंच, स्वस्त इमारती बांधताना पिंजऱ्यातील फुल्या हळूहळू गळाल्या. १७५५ पाहिलेले कोणी उरले नव्हते. काश्मीरमध्येही काँक्रीट आणि विटांची घरे प्रतिष्ठेची ठरली. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून ७०,००० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर पाकिस्तान सरकारने पुनर्बांधणीचे अनुदान आधी काँक्रीट आणि पक्क्या बांधकामालाच दिले. धज्जीला मान्यता पुढे २००६ मध्ये मिळाली आणि डोंगराळ गावांत ती पुन्हा उभी राहिली.

१६/ किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. मुलेमाणसे गाडणाऱ्या दगडाची भीती वाटणे स्वाभाविकच होते. लोकांना काँक्रीट हवे होते. १९९३ सालच्याच आयएस १३८२८ या भारतीय मानकात मात्र दगडी घर सुरक्षित करण्याची कृती दिलेली आहे. ती म्हणजे भिंतीत आरपार दगड, कोपऱ्यांना मजबुती आणि घराभोवती कंबरपट्ट्यासारखे आडवे बंध. गायोला आणि ताक यांचेच तत्त्व, साध्या भाषेत.

१७/ दगडाला गुन्हेगार ठरवून प्रश्न मिटला नाही, हे २६ जानेवारी २००१ ने दाखवले. कच्छच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती पडल्या. त्यांतील बहुतेकींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या. खांब होते आणि पार्किंग होते. नॉर्थरिजच्या लाकडी इमारतीतला दोष काँक्रीटमध्ये जसाच्या तसा उतरला होता.

१८/ २००२ साली भूकंप क्षेत्रांचा नकाशा बदलला, पहिले क्षेत्र रद्द झाले आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात गेले. नकाशाने धडा घेतला. पण पुण्या-मुंबईत आणि आता लातूर शहरातही पार्किंगच्या मोकळ्या खांबांवर इमारती उभ्या राहतच आहेत. घर घेताना फरशी, रंग आणि गॅलरी पाहिली जाते. किल्लारीच्या भिंतीही बाहेरून जाडजूड आणि भक्कमच दिसत होत्या.