यंत्राचे व्याकरण आणि कामगाराचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई आणि संप यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असल्यास ती स्वाभाविक आहे. आज मात्र आम्ही गणकयंत्रांच्या भाषांचा इतिहास सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा हा अधिकार आम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील. तो आम्हाला एका पगारपत्रकाने दिला.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यातले हजेरीचे रजिस्टर गेले आणि यंत्र आले. पाळी सुटल्यावर पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत कामगार रोज पंचवीस-एक मिनिटे थांबत. जादा कामाचा मोबदला अर्ध्या तासाच्या हिशेबाने द्यावा, असा करार होता. महिनाअखेर पाहतो तो जादा काम शून्य! आम्ही भांडायला गेलो. अधिकारी शांतपणे म्हणाले, "कॉम्प्युटर तसेच दाखवतो." सांगावयास लाज वाटते, पण व्यवस्थापनाच्या कोणत्याही सबबीला न भुलणारे आम्ही त्या एका वाक्यापुढे गप्प झालो आणि तक्रार मागे घेतली.

पुढे एकदा हुडकेश्वरच्या आमच्या घरी एका कामगाराचा मुलगा आला. तो तंत्रनिकेतनात शिकत होता. हकीकत ऐकून तो म्हणाला, "काका, कॉम्प्युटर आपल्या मनाने काही दाखवत नाही. कोणीतरी त्याला तसे लिहून दिले आहे." त्याने पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवले. २५ मिनिटांना ३० ने भागले आणि बाकी टाकून दिली, तर उत्तर शून्य. रोजचे शून्य, म्हणून महिन्याचेही शून्य. पण आधी २६ दिवसांची बेरीज केली तर ६५० मिनिटे होतात. त्यांना ३० ने भागले तर २१ अर्धे तास, म्हणजे साडेदहा तास हाती येतात. आधी भागायचे की आधी मिळवायचे, एवढाच प्रश्न! ती आज्ञावली आम्हाला कधीच पाहावयास मिळाली नाही. पण पगारपत्रकांवरचे आकडे त्या कागदाशी तंतोतंत जुळले. त्या दिवसापासून आम्ही या विद्येच्या मागे लागलो.

नागपूरच्या माणसाला यंत्र नवे नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. रिंग चात्यांचे नवे साचे त्यांनी पुढच्या दशकातच येथे आणून चालवून पाहिले. पण त्या यंत्राचे पोट उघडे होते. धागा कुठे तुटला ते डोळ्यांना दिसे, साचा कुठे बिघडला ते कानाला कळे. मुकादमाला जे कळे ते बदलीवाल्यालाही कळे. शिवाय आजच्या गणकयंत्राचे एक मूळ मागातच आहे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला; कोणता धागा उचलायचा हे ती भोके सांगत. तीच युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी घेतली. तेव्हा आज्ञावली ही वस्तू विणकराच्या घरची आहे. आम्ही ती विसरलो, एवढेच.

आपल्या देशात हे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. डॉ. होमी भाभांचा पाठिंबा होता आणि आर. नरसिंहन हे त्या तरुण मंडळींचे पुढारी होते. १९६० साली पूर्ण यंत्र चालू झाले. १९६२ च्या जानेवारीत पंतप्रधान नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' असे नाव दिले. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती अवघ्या २,०४८ शब्दांची. त्याला आज्ञा द्यायची ती शून्य आणि एक या दोन अंकांतच. हे काम किती कष्टाचे असेल याची कल्पना करा! पण त्यात एक गुण होता. ज्याने लिहिले त्याला यंत्राच्या आत काय घडते ते अक्षरशः ठाऊक असे.

१९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेचे सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले आणि त्याबरोबर फोरट्रान भाषेचा सराव वाढला. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा १९५७ साली सिद्ध केली होती. शास्त्रज्ञाने सूत्र लिहावे आणि यंत्राने त्याचे अंकांत भाषांतर करावे, ही तिची कल्पना. कचेरीच्या हिशेबासाठी १९६० च्या सुमारास कोबोल आली. तिच्यामागे ग्रेस हॉपर या विदुषीचे विचार होते. ती मुद्दाम बोलीसारखी केली, हेतू हा की अधिकाऱ्यालाही वाचता यावी. आता गंमत पाहा. फोरट्रानमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की बाकी गळून पडते. सी ही भाषा १९७२ च्या सुमारास आली, तिच्यातही तेच. कोबोलमध्ये 'राउंडेड' हा शब्द लिहिला नाही, तर जागेत न मावणारे दशांश छाटले जातात. म्हणजे आमच्या त्या पंचवीस मिनिटांची कत्तल करणारे शस्त्र आम्ही जन्मण्यापूर्वीच तयार होते! अलीकडच्या पायथन भाषेने २००८ पासून साध्या भागाकारात अपूर्णांक राखण्याचा नियम केला. बाकी टाकायची असेल तर तसे वेगळे चिन्ह लिहावे लागते. आम्हाला हा नियम न्यायाचा वाटतो. ज्याला छाटायचे आहे, त्याने छाटतो आहे असे लिहून द्यावे.

या सर्व काळात आमची चळवळ काय करीत होती? १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात गणकयंत्रे येऊ लागली, तेव्हा कलकत्त्यास इलॅको हाऊसपाशी कर्मचाऱ्यांनी दिवसरात्र पहारा दिला. पोटावर पाय येणार या भीतीने ते उभे होते. त्यांना अडाणी म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पुढे सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनासंबंधी समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ च्या सप्टेंबरात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रे किती आणि कोणत्या कामाला, यांविषयी व्यवस्थापनाशी करार केला. हे सारे योग्यच झाले. पण आपल्याच घरातली उणीव सांगितली पाहिजे. आम्ही यंत्रे मोजली, भत्ते मागितले. यंत्रात लिहिले काय आहे, हे मात्र कोणी विचारले नाही.

विदर्भाचाही या इतिहासात वाटा आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. अमेरिकेने हवे तितके शक्तिमान महासंगणक देण्यास खळखळ केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि तिचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्याची रचना संघटनेच्या माणसाने अभ्यासावी अशी आहे. एक प्रचंड प्रोसेसर नव्हे, तर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर. प्रत्येकाला चार हात, प्रत्येक हात शेजाऱ्याच्या हातात. त्यांच्यासाठी ऑकम नावाची भाषाही होती; तिचे व्याकरणच असे की कामे एकाच वेळी चालावीत आणि एकमेकांना निरोप देत राहावीत. एकट्याने न होणारे काम सर्वांनी वाटून करावे, हे आम्ही फाटकावर सांगतो. पुण्याच्या मंडळींनी ते तारांनी जोडून दाखवले.

पण ट्रान्सप्यूटरचे दिवस लवकरच सरले आणि पुढच्या 'परम' यंत्रांना दुसरे प्रोसेसर घ्यावे लागले. परक्याच्या एका चिपेवर आपले घर बांधू नये, हा त्यातला धडा. म्हणूनच २०१० साली बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या रिस्क-फाइव्हविषयी आम्हाला आस्था वाटते. प्रोसेसरला कळणाऱ्या मूळ आज्ञांची ती यादी सर्वांना खुली आहे. वापरायला कोणाचा परवाना लागत नाही. मद्रासच्या आय.आय.टी.ने तिच्यावर 'शक्ती' आणि सी-डॅकने 'वेगा' हे प्रोसेसर रचले आहेत.

आता आमचे मत. आज तरुण मंडळी कोणती भाषा श्रेष्ठ यावर हमरीतुमरीवर येतात. आम्हाला हा वाद दुय्यम वाटतो. पास्कल भाषेचे जनक निकलाउस वर्थ यांनी १९९५ साली सुटसुटीत आज्ञावलींचा आग्रह धरणारा लेख लिहिला. यंत्रे जितकी वेगवान होतात त्याहून आज्ञावली अधिक जड होत जातात, ही त्यांची तक्रार. हुडकेश्वर रस्त्यावर घरोघर डबे पोचवणारा मुलगा हीच तक्रार वेगळ्या शब्दांत करतो: धडधाकट मोबाइल असूनही ॲप चालेना, म्हणून कर्ज काढून नवा घ्यावा लागला. वरकड आज्ञावलीचे ओझे अखेर कोणाच्या खिशावर पडते ते पाहा. शिवाय त्याची मजुरी कोणत्या सूत्राने ठरते, हे तर त्याला कोणीच सांगत नाही. म्हणून आमची कसोटी साधी आहे: आज्ञावली आटोपशीर असावी, आणि जिच्यावर माणसाची भाकरी अवलंबून आहे ती त्याला वाचता यावी, निदान समजावून घेता यावी.

त्या कारखान्यातल्या पुढच्या करारात आम्ही एक वाक्य घातले: जादा कामाची मिनिटे महिनाभर आधी मिळवावीत, मग भागावीत. वाक्य साधे मराठी आहे; पण ज्याने आज्ञावली लिहिली त्याला ते पाळावे लागले. पुढच्या महिन्यापासून साडेदहा तास पगारपत्रकावर दिसू लागले. मागचे महिने मात्र बुडाले ते बुडालेच, कारण तक्रार आम्हीच मागे घेतली होती. ती चूक आमच्या अज्ञानाची. आपल्यापैकी कोणाला उद्या कोणी म्हणाले की यंत्र तसेच दाखवते, तर एवढेच विचारा: यंत्राला तसे कोणी सांगितले?