माळवदावरचे मांजर आणि फ्लॅटमधले मांजर

सोलापूर जिल्ह्यातील जुन्या घरांत मांजर असे, पण ते कोंडलेले नसे. त्याला ठेवण्याचे कारण धान्य. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी पेवात, शेणाने सारवलेल्या कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात वर्षभर राही आणि उंदीर-घुशी तिच्यावर टपलेल्या असत. मातीच्या सपाट माळवदांची घरे एकमेकांना खेटून. त्यामुळे मांजर आळीभर वरच्या वर फिरे आणि उजेड-धुरासाठी ठेवलेल्या साण्यातून आत उतरे. त्याला भाकरीचा कुस्करा आणि घोटभर दूध मिळे, बाकीचे पोट शिकारीवर. दूध-दही शिंक्यावर टांगले की बंदोबस्त झाला. मांजर मारल्यास सोन्याचे मांजर दान करावे लागते, या समजुतीचेही त्याला संरक्षण होते.

1877 मध्ये सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली आणि शहरात दाट वस्ती वाढत गेली. पूर्व भागातील विणकरांच्या घरांत धान्याबरोबर खळ लावलेले सूतही उंदरांपासून राखावे लागे.

1896 मध्ये मुंबईत आलेली प्लेगची साथ पुढे सोलापूरपर्यंत पोचली. उंदरांवरील पिसवांतून हा रोग पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवले. अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांनी 1908 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजरे पाळणे हा प्लेगवरचा उपाय म्हणून मांडला. मात्र मांजरालाही प्लेग होतो आणि ते पिसवा घरात आणू शकते. म्हणून हा उपाय निर्धोक नव्हता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळवदे जाऊन सिमेंटचे स्लॅब आले, साणी बुजली, ज्वारी पत्र्याच्या कोठीत गेली. मांजराचे काम आणि वाट दोन्ही संपले. 1947 मध्ये अमेरिकेत एडवर्ड लो यांनी मांजराच्या मलमूत्रासाठी मातीचे खडे विकायला सुरुवात केली होती. अशा खड्यांमुळे फ्लॅटमध्ये मांजर कायम आत ठेवणे सोयीचे झाले.

आत ठेवलेले मांजर वाहने, कुत्री आणि रेबीजपासून बऱ्याच अंशी वाचते. मोकळे मांजर पक्षीही मारते. जमिनीवर घरटी करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. 1979 मध्ये घोषित झालेल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातील गवताळ माळांवर असे पक्षी आहेत. उलट, घरातल्या मांजराला खेळ, चढायला उंच जागा आणि नखे घासायला फळी लागते. नाहीतर ते लठ्ठ आणि चिडके होते. धान्याच्या गोदामांत आणि शेतवस्त्यांवर मोकळ्या मांजराचे काम अजून आहे. तेथे नसबंदी आणि रेबीजची लस हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.