दोनशे पाच जणांचे मौन

साताऱ्याहून कोरेगावला निघाले की माहुलीला कृष्णेचा पूल लागतो. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. या गुन्ह्याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे रघुनाथरावांना तोंडावर सांगून शास्त्रीबुवांनी पुणे सोडले. ही हकीगत आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण तिच्यातली एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. निकाल सांगितल्यावर पद सोडावे लागले ते न्यायाधीशाला. ज्याच्यावर ठपका होता, तो गादीवरच राहिला.

खरे बोलणाऱ्या न्यायाधीशाला घरी जावे लागू नये, याची तजवीज आपल्या राज्यघटनेने केली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला सरकार आपल्या मर्जीने काढू शकत नाही. 'शाबीत झालेले गैरवर्तन' किंवा 'अक्षमता' ही दोनच कारणे १२४ व्या कलमात दिली आहेत. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही तेच संरक्षण आहे. आपण याला सरसकट महाभियोग म्हणतो. घटनेत तो शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी आहे, न्यायाधीशाच्या बाबतीत 'पदावरून दूर करणे' एवढेच म्हटले आहे.

ही वाट मुद्दाम अवघड ठेवली आहे. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्याप्रमाणे लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांनी सूचनेवर सह्या करायच्या. अध्यक्षांनी किंवा सभापतींनी ती दाखल करून घेतली, तर तिघांची समिती चौकशी करते. समितीने दोषी ठरवले तर ठराव सभागृहात येतो. मग दोन्ही सभागृहांत दोन कसोट्या लागतात. हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश मते ठरावाच्या बाजूने हवीत, आणि सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही हवे. ही दुसरी कसोटी लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट तिच्यावर फिरते.

ही वाट पहिल्यांदा शेवटच्या टप्प्यापर्यंत चालली गेली ती न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना चंडीगडच्या सरकारी निवासस्थानावर, तिथल्या फर्निचर-गालिच्यांवर त्यांनी वारेमाप खर्च केल्याचा आरोप होता. तोपर्यंत ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले होते. १९९१ च्या आरंभी लोकसभेच्या १०८ सदस्यांनी त्यांच्याविरुद्ध सूचना दिली. तिच्यात पुढाकार होता राजापूरचे खासदार मधू दंडवते यांचा. १२ मार्च १९९१ रोजी अध्यक्ष रबी राय यांनी ती दाखल करून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभा विसर्जित झाली. मग सूचनाही संपली का? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९१ मध्ये सांगितले, नाही, लोकसभा गेली तरी सूचना जिवंत आहे.

चौकशी समितीचे प्रमुख होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. मंत्र्यांवरील आरोपांची चौकशी करणाऱ्या सावंत आयोगामुळे पुढे ते महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी हे त्यांचे सहकारी. चौदापैकी अकरा आरोपांत तथ्य असल्याचा निष्कर्ष या समितीने १९९२ मध्ये काढला.

१० आणि ११ मे १९९३ रोजी लोकसभेत चर्चा झाली. अध्यक्षांच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील होते. दंडवते १९९१ ची निवडणूक हरल्यामुळे सभागृहात नव्हते. ठराव सोमनाथ चटर्जी यांनी मांडला आणि न्यायमूर्तींची बाजू कपिल सिब्बल यांनी वकील म्हणून सभागृहापुढे मांडली. मतदान झाले. ठरावाच्या बाजूने १९६. विरोधात? एकही नाही. उरलेले २०५ सदस्य सभागृहात बसून तटस्थ राहिले. त्यांत सत्तारूढ काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांचे सदस्य होते.

आता दुसरी कसोटी आठवा. विरोधात एकही मत नाही, म्हणजे पहिली कसोटी शंभर टक्के पार पडली. पण एकूण सदस्यसंख्येचे बहुमत म्हणजे सुमारे २७३. एकशे शहाण्णव कमी पडले आणि ठराव बारगळला. एरवी तटस्थ राहणे म्हणजे कोणाचीच बाजू न घेणे. इथे तटस्थ राहणे म्हणजे न्यायमूर्तींच्या बाजूने मत देणेच होते. फरक एवढाच, की त्या मताची जबाबदारी कोणी घेतली नाही. न्यायमूर्ती निर्दोष आहेत असे त्या दोनशे पाच जणांना वाटत असेल, तर तसे उभे राहून सांगता आले असते. निदान कारणे तरी लोकांपुढे आली असती.

पुढच्या प्रकरणांत बहुतेकदा राजीनाम्याची पळवाट निघाली. कलकत्ता उच्च न्यायालयाचे सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव १८ ऑगस्ट २०११ रोजी राज्यसभेने मंजूर केला, पण लोकसभेत तो येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची सूचना सभापती व्यंकय्या नायडू यांनी दाखलच करून घेतली नाही. २०२५ मध्ये न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या दिल्लीतील निवासस्थानी जळालेल्या नोटा सापडल्याच्या प्रकरणात १४६ खासदारांच्या सूचनेवरून पुन्हा समिती नेमली गेली. १९५० ते २०२५ या काळात संसदेच्या ठरावाने एकही न्यायाधीश पदावरून दूर झालेला नाही.

मग ही वाट सोपी करावी का? मला तसे वाटत नाही. उद्या एखाद्या सरकारला निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशाला घरी पाठवता आले, तर आपण पुन्हा रामशास्त्र्यांच्या काळात जाऊ. कुंपण उंच असू द्यावे. पण ते न्यायाधीशाला सत्तेपासून वाचवण्यासाठी आहे, सिद्ध झालेल्या दोषापासून वाचवण्यासाठी नव्हे.

कोरेगावच्या न्यायालयात बांधाच्या किंवा वाटपाच्या दाव्याची तारीख घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला कलम १२४ माहीत नसते. त्याच्यासमोर बसलेल्या न्यायाधीशावर उच्च न्यायालयाची देखरेख असते. गैरवर्तन झाले तर चौकशी होते, नोकरीही जाते. शिक्षेची ही रीत जितकी खाली तितकी कडक आणि वर जावे तितकी सैल, असे त्याला दिसू लागले, तर तो न्यायालयाच्या पायऱ्या कोणत्या भरवशावर चढेल? रामशास्त्री बोलले आणि त्यांनी त्याची किंमत मोजली. त्या दोनशे पाच जणांना एक मत देण्याखेरीज काहीच मोजायचे नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)