तेर: पायाखालचं शहर

आजची गोष्ट मेक्सिको सिटीतून सुरू होते आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यात येऊन थांबते.

फेब्रुवारी १९७८. वीज कंपनीचे कामगार भर शहरात खोदत होते. खाली लागला तीन मीटरहून रुंद, कोरलेला गोल दगड. त्यावर अ‍ॅझ्टेक लोकांची कोयोल्शाऊकी देवी. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी शहर जिंकून मोठं देऊळ पाडलं होतं, ते असं सापडलं. पुढे उत्खननासाठी वरच्या काही इमारती पाडाव्या लागल्या.

आता आपलं तेर. अणदूरहून तुळजापूर, धाराशिव करत मी गेलो, ते गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला. पण हेच जुनं तगर! पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं, तिथून समुद्रापार.

गावात त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे. मागची भिंत अर्धगोल, छत पालथ्या नावेसारखं. कार्ल्याचं लेणं आठवतं ना? तोच आकार. मूळचं हे बौद्ध चैत्यगृह असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे इथे देव बदलला, पण वास्तू राहिली. मेक्सिकोत तेवढंही नशिबी नव्हतं.

लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्री-मूर्ती आहे. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत मिळाली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलं. आपल्याकडची कलाकुसर त्याआधीच तिथं पोचली होती!

घरी येऊन आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आरं, आपल्या धाब्यावरची पांढरी माती कुठली वाटली तुला? जुन्या पांढरीच्या टेकाडातलीच की. त्यात खापरं निघायची, आम्ही फेकून द्यायचो."

मी गप्पच झालो. पांढरी म्हणजे जुनी वस्ती. मराठवाड्यात पिढ्यान् पिढ्या घरांसाठी अशी टेकाडं उकरली गेली. कुणाची चूक म्हणायची? पाऊस आत येऊ नये म्हणून माणसं माती आणणारच.

पण आता धाब्यांच्या जागी स्लॅब आलेत. मातीची तेवढी गरज उरली नाही. मग उरलेली टेकाडं तरी राहू द्यायला काय हरकत आहे? तुमच्या गावाजवळ असं टेकाड असेल तर खापर उचलू नका, जागेवरच त्याचा फोटो काढा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आपल्या घराची माती कुठून आली.

भेटू पुढच्या भागात!